अन्न, इंधन, दुरुस्ती आणि विसावा

अमेरिकेतील आंतरराज्य महामार्गांवर लांब पल्ल्याचे जे अजस्र ट्रक धावतात, त्यांतील एखाद्याच्या केबिनीमागे, ट्रेलर सुरू होण्यापूर्वीच्या मोकळ्या जागेत, एक मोटरसायकल बांधलेली दिसते. ती उभीच असते, पण ट्रकच्या दिशेशी काटकोन करून. पुढचे चाक एका कडेला, मागचे दुसऱ्या कडेला. चहूबाजूंनी पट्ट्यांनी खाली खेचून तिला आवळलेले असते आणि वर बहुधा एखादे आच्छादन असते. असे ट्रक संख्येने फार नाहीत. दिवसभर रस्त्याकडे पाहत बसले तरी एखादाच दिसायचा. तरीही ज्याने एकदा पाहिला त्याच्या मनातून ते दृश्य सहसा जात नाही, आणि त्याचा अर्थ लावण्याचा मोहही त्याला आवरत नाही.

हा अर्थ लावणे सोपे आहे. निदान सोपे वाटते. ट्रकचालक आणि मोटरसायकलस्वार ही दोन्ही अमेरिकन लोककल्पनेतील मुक्त पुरुषाची रूपे. काउबॉयचा घोडा गेला आणि त्याच्या जागी ही दोन वाहने आली, असे म्हणण्याचा प्रघात आहे. केरुआकची ‘ऑन द रोड’ १९५७ सालची, ‘ईझी रायडर’ हा चित्रपट १९६९ सालचा, ‘कॉन्व्हॉय’ १९७८चा. साहित्याच्या अभ्यासकाच्या हाती ही सामग्री आयतीच असते. स्वातंत्र्याच्या एका प्रतीकाने दुसऱ्या प्रतीकाला पाठीवर घेतले आहे, एवढे एक वाक्य लिहिले की निबंध जवळजवळ पुरा होतो. वर्गात असे निबंध आम्ही तपासले आहेत आणि, कबूल करायला हरकत नाही, एकेकाळी लिहिलेही आहेत.

पण प्रतीकांची भाषा क्षणभर बाजूला ठेवून रस्त्यांचे कायदे आणि वाहनांची मापे वाचू लागले, की ही मोटरसायकल काही वेगळेच बोलू लागते. तिचा इतिहास मोकळ्या रस्त्याच्या इतिहासापेक्षा बंद होत गेलेल्या दारांच्या इतिहासाशी अधिक जोडलेला आहे असे आमचे मत झाले आहे, आणि त्याची कारणे येथे मांडायची आहेत.

सुरुवात एका कादंबरीपासून करू. स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मध्ये (१९३९) ट्रकचालक दोन ठिकाणी ठळकपणे येतात. दुसऱ्या प्रकरणात तुरुंगातून सुटलेला टॉम जोड रस्त्याकडेच्या खाणावळीबाहेर उभ्या असलेल्या ट्रकजवळ थांबतो आणि चालकाला गळ घालून त्याच्यासोबत जातो. पंधराव्या प्रकरणात हमरस्ता क्रमांक ६६वरची अशीच एक खाणावळ आहे. तेथील वाढपीण, तिचा तो अबोल आचारी, आणि पाय खाजगी घरात टाकावा इतक्या सहजतेने आत येणारे ट्रकचालक. त्या प्रकरणाचा शेवट पुष्कळांना आठवत असेल. स्थलांतरित कुटुंबातील मुलांना वाढपीण गोळ्या जवळजवळ फुकट देते, आणि ते पाहणारे चालक जाताना टेबलावर खाल्ल्याच्या मानाने कितीतरी जास्त पैसे ठेवून जातात. या प्रसंगाच्या नैतिक आशयाबद्दल खूप लिहिले गेले आहे. आमचे लक्ष मात्र एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीकडे जाते: ट्रक दारातच उभा आहे. चालक ब्रेक लावतो, खाली उतरतो, आणि चार पावलांत तो माणसांत असतो. त्याला नावाने ओळखणारी माणसे तेथे आहेत. त्याचा ट्रक आणि ते गाव एकाच रस्त्यावर राहतात.

ही सोय मोडली ती १९५६च्या कायद्याने. आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीतील या महामार्ग कायद्याने ४१,००० मैलांचे आंतरराज्य रस्त्यांचे जाळे विणायचे ठरवले. त्या कायद्यातील एक कलम आजही फारसे कोणाच्या चर्चेत नसते. आंतरराज्य महामार्गाच्या स्वतःच्या जमिनीवर पेट्रोल पंप, खाणावळी वगैरे कोणताही व्यवसाय उघडायला त्याने बंदी घातली. जुन्या टोलरस्त्यांपैकी काही तेवढे त्यातून सुटले. हेतू वाईट नव्हता. रस्त्यावरच मक्तेदारी निर्माण होऊ नये, जवळपासच्या गावांतील धंदा बुडू नये, असाच होता. घडले ते असे की महामार्गातून बाहेर पडण्याच्या फाट्यांवर नव्या वस्त्या उगवल्या, आणि त्या गावापासून दूर, केवळ वाहनांसाठी होत्या. आयोवा राज्यातील वॉलकॉट येथील ‘आयोवा ८०’ हा ट्रक स्टॉप १९६४ साली उघडला आणि पुढे तो स्वतःला जगातील सर्वांत मोठा म्हणवू लागला. तेथे डिझेलपासून दंतवैद्यापर्यंत सारे मिळते. गाव तेवढे मिळत नाही. हमरस्ता ६६ची खाणावळ हळूहळू ओस पडली, आणि १९८५मध्ये त्या रस्त्याचे अधिकृत अस्तित्वही संपले.

येथे आपल्याकडच्या वाचकाला एक फरक लक्षात आणून देणे आवश्यक वाटते, कारण ट्रकचालकाचे आपल्या डोळ्यांसमोरचे चित्र निराळे आहे. आपल्याकडे ट्रक म्हटला की ड्रायव्हर आणि क्लीनर अशी जोडी पूर्वापार मनात येते. त्यांच्यात शिवीगाळ होवो की जिव्हाळा असो, माणसाला माणूस असतो. ढाबा रस्त्याला लागूनच असतो. अमेरिकन चालक बहुतेक वेळा एकटा असतो, कित्येक आठवडे एकटा असतो, आणि त्याच्या मागे सुमारे सत्तर फूट लांबीचे असे वाहन असते की जे गल्लीत शिरले तर मागे कसे वळवायचे हाच प्रश्न पडावा.

हे वाहन इतके वाढले कसे, हा आमच्या विषयाचा खरा गाभा आहे. १९८२पूर्वी ट्रक आणि ट्रेलर मिळून एकूण लांबी किती असावी हे प्रत्येक राज्य आपापले ठरवीत असे. एकूण लांबी ठरलेली, म्हणजे केबिन जितकी लहान तितका माल जास्त. त्यामुळे त्या काळात चपट्या नाकाचे, इंजिनाच्या डोक्यावर बसवलेल्या केबिनीचे ट्रक सर्रास असत. चालकाची झोपण्याची जागा म्हणजे आसनामागचे एक फळकूट. या बेतात मोटरसायकलला जागा कोठून असणार? इंचाइंचाचा हिशेब मालाच्या बाजूने लागत होता. घरसामान हलवणारे, ज्यांचा माल त्यांच्याच हाताने चढतो आणि उतरतो, त्यांना काही कोपरा राखता येत असेल. इतरांचा ट्रेलर माल पाठवणारा मोहोरबंद करून देतो, आणि मोहोर तुटलेली दिसली तर, विशेषतः अन्नपदार्थ असतील तर, घेणारा अख्खी खेप नाकारू शकतो. ट्रेलरच्या पोटात गाडी ठेवण्याचा मार्ग त्यामुळे जवळपास सर्वांनाच बंद होता आणि आहे.

१९८२च्या सरफेस ट्रान्सपोर्टेशन असिस्टन्स ॲक्टने हे गणित उलटे केले. एकूण लांबीवर मर्यादा घालण्याचा राज्यांचा अधिकार त्याने ठरावीक राष्ट्रीय रस्त्यांपुरता काढून घेतला. मोजायचे ते फक्त ट्रेलर, आणि निदान ४८ फुटांचा ट्रेलर चालू द्यायचाच. केबिनीची लांबी मोजणे थांबले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चपट्या नाकाचे ट्रक रस्त्यावरून दिसेनासे होत गेले, लांब नाकाचे आले, फळकुटाची खोली झाली; तीत उभे राहता येऊ लागले, फ्रिज आला, टेबल आले. आणि त्या खोलीमागे, ज्याला फिफ्थ व्हील म्हणतात त्या ट्रेलर अडकवण्याच्या जाड तबकडीच्या पुढे, सांगाड्यावर काही फूट मोकळी जागा राहू शकली.

दुसरे माप रुंदीचे. १९५६च्या कायद्याने आंतरराज्य रस्त्यांवर वाहनाची रुंदी ९६ इंचांवर रोखली होती. १९८२-८३च्या कायद्यांनी ती १०२ इंच केली. सहा इंच म्हणजे वीतभरही नव्हे. पण मोठ्या प्रवासी हार्ले-डेव्हिडसनची लांबी ९५ इंचांच्या आसपास असते. ९६ इंचांत ती कागदावर मावते. तिला धरून ठेवणारी चौकट, पट्ट्यांच्या कड्या, वळताना हलणारा तिचा भार, यांना एक इंच पुरत नाही. १०२ इंचांत ती मावते. होंडाची गोल्ड विंग शंभर इंचांच्याही पुढे जाते, म्हणून तिच्यासाठी चाक वळवण्याचे किंवा तिला किंचित तिरपे उभे करण्याचे उपाय करावे लागतात. स्वातंत्र्याच्या प्रतीकांविषयी लिहिताना आम्ही हे इंच कधी मोजले नव्हते याची आता थोडी शरम वाटते.

पण ज्या कायद्याने ही जागा दिली त्यानेच एक गोष्ट मर्यादितही केली, आणि या लेखाचे शीर्षक तेथूनच आले आहे. मोठ्या वाहनांना राष्ट्रीय जाळ्यावर मोकळीक दिल्यावर प्रश्न उरला, की त्या जाळ्यावरून उतरून ही वाहने कुठवर जाऊ शकतील? कायद्याने राज्यांना सांगितले की मालाच्या ठाण्यांपर्यंत, आणि अन्न, इंधन, दुरुस्ती व विसावा यांच्या सोयींपर्यंत वाजवी वाट नाकारता येणार नाही. वाजवी म्हणजे किती, यावर राज्ये आणि मालवाहतूकदार यांच्यात भांडणे चालत राहिली. १९९०च्या नियमांत अखेर आकडा आला: राष्ट्रीय जाळ्यापासून १ मैल. सुरक्षिततेचे विशिष्ट कारण असल्याशिवाय एवढे अंतर कोणत्याही राज्याने नाकारू नये. त्यापुढे जे मिळेल ते त्या त्या राज्याच्या आणि नगरपालिकेच्या मर्जीवर.

ही चार नामे पुन्हा वाचावीत अशी आहेत. अन्न, इंधन, दुरुस्ती, विसावा. ती वाहनाच्या गरजांची यादी आहे की माणसाच्या, हे पटकन सांगता येत नाही. इंधन आणि दुरुस्ती ट्रकची, अन्न आणि विसावा चालकाचा, आणि चारही एकाच सुरात, एकाच यंत्राची निगा राखावी तशी. यादीत नाटकगृह नाही, नदीचा काठ नाही, वाटेतल्या शहरात राहणाऱ्या बहिणीचे घर नाही, शाळेतल्या जुन्या मित्राची कबर नाही. कायदा करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सत्तर फुटी वाहन कबरस्तानात नेण्याचा हक्क त्यांनी लिहून द्यायला हवा होता असे कोण म्हणेल? पण तीन हजार मैल रुंद देश आरपार ओलांडण्याची मुभा असलेल्या माणसाला त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस एकेक मैलाची पट्टी तेवढी खात्रीने मिळाली, ही वस्तुस्थिती उरते. मोटरसायकल त्या पट्टीच्या पलीकडे जाण्यासाठी आहे.

कोकणातील आगबोटीच्या दिवसांविषयी ज्यांनी वाचले किंवा घरात ऐकले असेल त्यांना येथे पडाव आठवेल. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राही. किनाऱ्यावरचे गाव समोर दिसे, माणसेही दिसत, पण तिला तेथवर जाता येत नसे. पडाव येत आणि उतारू त्यांत उतरत. मेलव्हिलच्या ‘मोबी डिक’मधील (१८५१) जहाजही स्वतः देवमाशाच्या अंगाला भिडत नाही, त्यासाठी होड्या खाली सोडाव्या लागतात. ट्रकच्या पाठीवरची मोटरसायकल ही अशी होडी आहे. तिला घोडा म्हणणाऱ्या सर्व रूपकांपेक्षा हे रूपक आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते, कारण त्यात मोठ्या वाहनाची असमर्थता लपत नाही.

लोकप्रिय कलेने हा संबंध ओळखला नाही, एवढेच नव्हे तर बराच काळ त्याच्या नेमके उलट दाखवले. सत्तरीच्या दशकात ट्रकचालक हा अमेरिकन चित्रपटाचा नायक झाला. १९७३-७४च्या तेलटंचाईत चालकांनी केलेले रास्ता रोको आणि सीबी रेडिओची लाट यांनी त्याला एकाएकी घराघरांत नेले. पण त्या चित्रपटांत मोटरसायकलवाला दिसतो तो त्याचा वैरी म्हणून. ‘स्मोकी अँड द बँडिट’मध्ये (१९७७) खाणावळीत मोटरसायकलवाल्यांच्या टोळक्याकडून मार खाल्लेला चालक बाहेर येतो आणि ओळीने लावलेल्या त्यांच्या गाड्यांवरून आपला ट्रक शांतपणे नेतो. ‘एव्हरी व्हिच वे बट लूज’मध्ये (१९७८) क्लिंट ईस्टवुडचा ट्रकवाला अशाच एका टोळीशी अखंड झगडत असतो आणि प्रेक्षागृह त्या टोळीच्या फजितीवर हसते. १९९१च्या ‘टर्मिनेटर २’मध्येही कोरड्या कालव्यातून पळणाऱ्या मोटरसायकलवरच्या मुलामागे ट्रकच लागलेला आहे.

या वैराला सामाजिक आधार होता हे नाकारता येत नाही. दुसऱ्या महायुद्धासाठी हार्ले-डेव्हिडसनने ‘डब्ल्यूएलए’ नमुन्याच्या सुमारे ९०,००० गाड्या बनवल्या होत्या. युद्धानंतर त्यांतील अनेक स्वस्तात विकल्या गेल्या आणि परतलेल्या तरुण सैनिकांच्या हाती आल्या. १९४७च्या जुलैत कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर गावी झालेल्या दंग्याची वृत्तपत्रांनी भरपूर वाढवून बातमी केली, १९५३मध्ये ‘द वाइल्ड वन’ आला, आणि मोटरसायकलस्वार म्हणजे काम न करणारा, गावाला त्रास देणारा उनाड ही प्रतिमा पक्की झाली. ट्रकचालक त्याच्या अगदी समोरच्या बाजूला: कामकरी, संघटित, रात्री रस्त्यात अडलेल्याला मदत करणारा. पडद्यावर ट्रकने मोटरसायकली चिरडल्या तेव्हा कष्टकऱ्याने रिकामटेकड्याला चिरडल्याचे समाधान प्रेक्षकाला मिळत होते. हे दोघे पुढे एकाच माणसात राहू लागतील, आठवड्याचे सहा दिवस एक आणि एक दिवस दुसरा, हे त्या काळच्या पटकथाकारांना सुचणे कठीणच होते.

एक दिवस असे आम्ही सहज म्हटले, पण त्यालाही कायद्याचा आधार आहे. चालकांच्या कामाच्या तासांवर अमेरिकेत तिशीच्या दशकाच्या अखेरीपासून बंधन आहे. २००४च्या जानेवारीत लागू झालेल्या नियमांनी त्याला आजची घडण दिली: सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांचे घड्याळ सुरू होते, त्यात ११ तास गाडी चालवता येते, आठ दिवसांत ७० तास भरले की थांबायचे. हा हिशेब पुन्हा शून्यावर आणायचा तर सलग ३४ तास काम बंद ठेवावे लागते. हे ३४ तास घरी सुरू होतील असे नाही. किंबहुना बहुधा होत नाहीत. ते नेब्रास्कातील एखाद्या फाट्यावर सुरू होतात, डिझेलच्या वासात, शेजारच्या ट्रकातील शीतयंत्राची घरघर ऐकत. २०१७च्या डिसेंबरपासून हा हिशेब चालकाच्या वहीतून काढून इंजिनाला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्राकडे सोपवला गेला. वही लिहिताना जो थोडा सैलपणा साधता येई तोही संपला.

मग जेवायला तरी गावात जावे? २०१८पर्यंत अधिकृत अन्वयार्थ असा होता की मागे भरलेला ट्रेलर असेल तर खाजगी कामासाठी ट्रक हलवणे हेही कामच धरले जाईल. म्हणजे माल घेऊन उभ्या असलेल्या चालकाने पाच मैलांवरच्या खाणावळीत जाऊन यायचे ठरवले, तर त्याची विश्रांती तेथेच मोडली आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्याच पाच मैलांना मोटरसायकलवर जाणे मात्र विश्रांतीच राही. २०१८मध्ये हा अन्वयार्थ बदलला आणि भरल्या ट्रेलरसहही खाजगी कामाला जाता येईल असे ठरले. कागद बदलला, खाणावळीसमोरच्या वाहनतळाची लांबी बदलली नाही.

आणि हे तास सहसा बिनपगारी असतात. लांब पल्ल्याच्या चालकाला बहुधा मैलांवर पैसे मिळतात. चाक थांबले की कमाई थांबते. १९३८च्या किमान वेतन व कामाच्या तासांच्या कायद्यातून आंतरराज्य मालवाहतुकीच्या चालकांना जादा कामाच्या वाढीव दराबाबत वगळले गेले, ते आजतागायत. त्यात १९८०च्या कायद्याने या व्यवसायावरील दरांचे आणि परवान्यांचे नियंत्रण सैल केले, स्पर्धा वाढली, कामगार संघटनेची पकड सुटली. मायकेल बेल्झर यांनी २००० साली आपल्या पुस्तकाला ‘स्वेटशॉप्स ऑन व्हील्स’ असे नाव दिले ते या काळातील वेतनाची घसरण मांडताना. तेव्हा मोटरसायकल पाठीवर असलेला चालक हा त्या वर्गाचा प्रतिनिधी नव्हे हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तो बहुतेक वेळा स्वतःच्या ट्रकचा मालक असतो. कंपनीचा ट्रक चालवणाऱ्याला सांगाड्याला भोक पाडायलाही परवानगी लागते. तो फार तर घडीची सायकल केबिनीत कोंबतो. टूरिंग हार्लेची किंमत वीस हजार डॉलरांच्या पुढे जाते, वर चौकट, वर उचलण्याचे यंत्र. म्हणजे एक मैलाच्या पट्टीबाहेर पडण्याचा हक्क येथे विकत घ्यावा लागतो, आणि ज्यांना त्याची गरज सर्वांत जास्त त्यांना तो परवडत नाही. प्रतीकांच्या वाचनात हा भाग हमखास गळतो.

ती वर चढवायची कशी, हेही सांगायला हवे, कारण ज्यांनी जड गाडी कधी ढकलली असेल त्यांना पहिला प्रश्न हाच पडेल. सांगाडा जमिनीपासून साधारण कमरेच्या उंचीवर; गाडीचे वजन ८०० पौंडांच्या, म्हणजे ३६० किलोंच्या वर. कोणी ॲल्युमिनियमची उतरण लावून विजेच्या रहाटाने ती ओढून घेतात, कोणी बाहेर सरकून खाली उतरणारा पाळणा बसवून घेतात. वळताना ट्रेलरचे पुढचे कोपरे केबिनीकडे झेपावतात, तेव्हा गाडी त्या वर्तुळाच्या बाहेर राहिली पाहिजे. नाहीतर पहिल्याच काटकोनी वळणावर तिचा चुराडा. म्हणून जागा वाढवावी लागते, सांगाडा लांब मागवावा किंवा कापून लांबवावा लागतो. केबिन आणि ट्रेलर यांमधली फट वाढली की वाऱ्याचा अडथळा वाढतो आणि डिझेल जास्त जाते. शिवाय सांगाडा लांब झाला की ट्रक वळतो कमी. गावात शिरता येत नाही म्हणून मोटरसायकल घ्यायची, आणि मोटरसायकल घेतली म्हणून ट्रक गावात शिरायला आणखीच नालायक व्हायचा.

वजनाचेही तसेच. सत्तरीच्या मध्यापासून आंतरराज्य रस्त्यांवर एकूण वजनाची मर्यादा ८०,००० पौंड आहे. चौकटीसह गाडीचे जे काही हजारभर पौंड होतात ते मालातून वजा. गंमत अशी की इंजिन बंद ठेवून केबिन थंड किंवा उबदार राखणाऱ्या छोट्या यंत्रासाठी संघराज्याने २००५मध्ये ४०० आणि २०१२मध्ये ५५० पौंडांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना दिली. चालकाने खोलीत राहावे यासाठी वजनात सूट आहे; त्याने खोलीबाहेर पडावे यासाठी नाही.

केबिनीमागच्या या जागेला एक जुना शब्द आहे, तो मराठी वाचकाला आवडेल. पन्नाशीच्या दशकात काही कंपन्या केबिन आणि ट्रेलर यांच्यामध्ये सांगाड्यावर मालाची एक जादा पेटी बसवीत. तिला ‘ड्रोमेडरी’ म्हणत. ड्रोमेडरी म्हणजे एका मदारीचा, वेगाने धावणारा उंट, आपली सांडणी. मोटरसायकल पेटीत झाकून नेणारे काही चालक अजूनही अशी पेटी वापरतात. सांडणी म्हटली की आपल्याला बखरीतले निरोप घेऊन दौडणारे सांडणीस्वार आठवतात. येथे सांडणीच्या पाठीवर स्वाराऐवजी दुसरे वाहन बसले आहे.

मोटरसायकलस्वारांच्या जगात अशा गाडीकडे कसे पाहिले जाते हाही एक मौजेचा भाग. साउथ डकोटातील स्टर्जिस येथे १९३८पासून दर ऑगस्टमध्ये मोटरसायकलींचा मेळा भरतो. तेथे जो आपली गाडी चालवत न आणता ट्रेलरवर लादून आणतो त्याची यथेच्छ टिंगल होते. घाम न गाळता देवदर्शन घेणाऱ्याची वारीत व्हावी तशी. ट्रकचालक या न्यायनिवाड्यात कोठे बसतो? त्याची गाडी लादूनच आली आहे, पण तिला लादून आणणारा माणूस त्या मेळ्यातील बहुतेकांपेक्षा अधिक मैल तुडवून आला आहे, आणि ते मैल त्याच्या छंदाचे नव्हते.

पर्सिगच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’मध्ये (१९७४) मोटारीची काच आणि मोटरसायकलवरचा उघडा वारा यांतील भेद सुरुवातीलाच येतो, आणि त्यावर आपल्याकडेही वर्गांतून बरीच चर्चा झाली आहे. तो भेद सुट्टीवर निघालेल्या माणसाने केलेला आहे. उंचावरच्या काचेतून दिवसाला ११ तास देश पाहणाऱ्याला, रात्री तोच देश डांबराच्या उंचीवरून, वीस मैलांच्या वेगाने, एखाद्या अनोळखी गावाच्या मुख्य रस्त्यावर कसा दिसत असेल, याचे चांगले लेखन आमच्या वाचनात अजून आलेले नाही. ट्रकवर पुस्तके पुष्कळ आहेत, मोटरसायकलवर त्याहून जास्त.

हिवाळ्यात यांतले बरेचजण गाडी घरी ठेवतात. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ पसरलेले असते; पुढच्या चाकांनी उडवलेले ते खारे पाणी थेट केबिनीमागे येते आणि क्रोम खाते. मार्चच्या सुमारास ती पुन्हा पाठीवर चढते. लांब पल्ल्याचा ट्रक वर्षाला लाखभर मैल धावतो, त्यामुळे ती दोन-चार वर्षांत देशाच्या बहुतेक राज्यांतून जाऊन येते. तिच्या स्वतःच्या मीटरवर मात्र मोजके मैल चढलेले असतात: फाट्यापासून गावापर्यंतचे, आणि परत.